पाडेली माडावर चढण्याआधी

पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, एकदा उतरून गेला की पुन्हा कधी मिळेल याचा नेम नसतो. म्हणून माडावरच्या किडींचा बंदोबस्त नारळ पाडण्याच्या दिवसालाच जोडावा आणि त्याची तयारी आदल्या आठवड्यात खालीच पुरी करावी.

पहिले काम शेणखताच्या खड्ड्यात. गेंड्या भुंगा शेंडा खातो, पण त्याची वीण होते कुजलेल्या खतात आणि पडलेल्या माडांच्या खोडांत. खत खोऱ्याने उलटा. बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसतील तेवढ्या वेचून मारा. भाटात (नारळाच्या बागेत) पडलेली खोडे फोडून, वाळवून सरपणाला न्या. खतात या अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून मिसळा आणि खत ओलसर ठेवा. कोरड्या, तापलेल्या खतात ती टिकत नाही, त्यामुळे पावसाच्या तोंडावर हे काम उत्तम साधते.

आता पाडेलीच्या पिशवीत काय द्यायचे ते. दर माडाला 250 ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक, सुकी वाळू एकत्र करून वेगवेगळ्या पुड्या बांधा. वाळू ओली असेल तर मिश्रण पानांच्या बेचक्यात खाली उतरत नाही. सुईजवळच्या (शेंड्यातल्या न उमललेल्या पानाजवळच्या) सगळ्यांत आतल्या तीन पानांच्या बेचक्यांत ते भरायचे, वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर आणि डिसेंबर. लहान माडांना हेच काम डांबरगोळ्यांनी होते. बेचक्यांत मिळून तीन गोळ्या ठेवून वर वाळू टाका आणि दर 45 दिवसांनी नव्या घाला. पिशवीत लोखंडी आकडीही हवी. भोकाच्या तोंडाशी ओला, ताजा चोथा असेल तर भुंगा आत आहे, आकडी भोकाच्याच वाटेने घालून त्याला ओढून काढावे. चोथा सुकून काळवंडलेला असेल तर भुंगा निघून गेलेला असतो. तिथे आकडी फिरवली तर कोवळा कोंब दुखावतो आणि भुंग्यापेक्षा मोठे नुकसान आपल्याच हातून होते.

चढण्याआधी पाडेलीला एक गोष्ट बजावून सांगा. हिरवी झावळी तोडावीच लागली तर खोडापासून 120 सेंटीमीटर देठ राखूनच तोडायची, आणि चढण्यासाठी खोडाला खाचा पाडायच्या नाहीत. सोंड्या भुंगा ही खोड पोखरणारी दुसरी कीड. त्याची मादी ताज्या जखमेच्या वासावर येते आणि तिथेच अंडी घालते. लांब देठ ठेवला की अळी खोडापर्यंत पोचत नाही. आधीच्या जखमांवर डांबर लावा. पाच ते वीस वर्षांच्या माडांना हा धोका सर्वांत जास्त, तेव्हा त्यांची खोडे आधी तपासा. भोकातून तांबूस तपकिरी चिकट रस गळतोय का, आणि कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतोय का? येत असेल तर खालची भोके चिखलाने किंवा सिमेंटने बुजवा. इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल एका लिटर पाण्याला 1 मिली घेऊन सर्वांत वरच्या भोकातून नरसाळ्याने ओता आणि तेही बंद करा. शहाळी आणि तयार नारळ त्याआधी उतरवून घ्या, नंतर दीड महिना त्या माडाचे काही पाडू नका. शेंडाच कोलमडला असेल तर माड वाचत नाही. तो तोडून, फोडून जाळावा, कारण खोडात कोष शिल्लक असतात आणि त्यांतले भुंगे शेजारच्या माडांवर जातात.

नारळाच्या बोंडांवर पडणारी बारीक कीड म्हणजे इरिओफाईड कोळी. तो भारतात पहिल्यांदा 1998 मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात नोंदला गेला. हा डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंग लागते. गळलेली बोंडे गोळा करून देठाकडची टोपी उचका. तिच्या कडेखाली फिकट त्रिकोणी डाग असेल तर कोळी कामाला लागला आहे. तपकिरी, भेगाळलेल्या मोठ्या नारळांवर फवारून काही उपयोग नाही, ते नुकसान होऊन गेलेले असते. फवारणी दोन ते सहा महिन्यांच्या घडांवर करायची.

दहा लिटर द्रावणासाठी 200 मिली कडुनिंबाचे तेल, 200 ग्रॅम लसूण आणि 50 ग्रॅम साबणवडी लागते. साबण अर्धा लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यात तेल थोडे थोडे ओतत ढवळत राहा. लसूण 300 मिली पाण्यात वाटून फडक्यातून गाळून मिसळा. हे गाळणे कंटाळा करून टाळले की नोझल माडावरच तुंबते. मग पाणी घालून दहा लिटर करा. वर तेलाचा तवंग तरंगताना दिसला तर साबण नीट विरघळलेला नाही, तसे फवारू नका. माडाला एक ते दीड लिटर पुरते. द्रावण त्याच दिवशी संपवा. उमललेल्या पोयीवर (फुलोऱ्यावर) मात्र थेंबही नको, तिथे मधमाश्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा तीन फवारण्या कराव्या लागतात.

उंच माडावर फवारा नेणे जमत नसेल तर मुळावाटे औषध द्या. पेन्सिलीएवढे जाड, विटकरी रंगाचे जिवंत मूळ शोधून तिरपे कापा. अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातले कीडनाशक द्रव्य) 5 टक्के 7.5 मिली आणि तेवढेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मूळ त्यात बुडवून घट्ट बांधा. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलेलीच असेल तर दुसरे मूळ निवडा.

पांढऱ्या माशीने झावळ्या काळ्या पडल्या, खालची केळी आणि सुपारीही काजळली, की कुळागरवाला (सुपारी-नारळाच्या बागेचा मालक) घाबरून रासायनिक औषध मागतो. ते देऊ नका. एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी या माशीच्या पिल्लांत अंडी घालते, औषधाने तीच आधी मरते. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार झाले तर अर्धा टक्का कडुनिंब तेल.

भुंग्यांना वासाने ओढणारा कामगंध सापळा एकट्याने लावायच्या आधी वाड्यावरच्यांशी बोला. हेक्टरी एक पुरतो, पण फक्त आपल्याच भाटात लावला तर शेजारचे भुंगे आपल्याकडे ओढले जातात, आणि सगळेच सापळ्यात पडत नाहीत. तो लहान माडांपासून दूर टांगा. कीड ओळखण्यात शंका असेल तर नमुना जुने गोवे किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पाडेली येण्याआधीच दाखवून घ्या.