५६ ए.पी.ओ.ला फराळ पाठवायचा तर

फौजीला पार्सल जातं ते ए.पी.ओ.च्या, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसच्या पत्त्यावर. ते उघडल्यावर लाडवाला वास आला, चिवडा सादळलेला निघाला, की पहिली शिवी टपालखात्याला बसते. त्याआधी डब्याचं झाकण कधी लावलं होतं ते आठवावं. बहुतेक वेळा बिघाड आपल्या ओट्यावरच झालेला असतो.

हिशोब ३० दिवसांचा धरा. स्पीड पोस्टनं पार्सल युनिटपर्यंत त्याच्या आधी पोचेलही, पण जवान तेव्हा युनिटच्या मुख्य ठिकाणी असेलच असं नाही. तो वर डोंगरातल्या चौकीवर असला तर पार्सल खाली पडून राहतं आणि वर जाणारी गाडी किंवा माणूस मिळेल तेव्हा निघतं. बर्फ सुरू झाला की आणखी दिवस. म्हणून दिवाळीचा फराळ निदान ४ आठवडे आधी टपालात पडायला हवा. वसुबारसेला घराघरात तळण सुरू होतं तेव्हा आपलं पार्सल पोचलेलं असलं पाहिजे. कढई चढवण्याआधी फोनवर एवढंच विचारा: त्या महिन्यात सुट्टी, कोर्स किंवा बदली आहे का? कुठे आहात, कुठे जाणार, हे फोनवर विचारायचं नसतं, हे फौजीच्या घरात सांगायला नको.

काय पाठवायचं, काय नाही

बेसनाचे लाडू, शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, कडबोळी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट. बस.

चकली नको. कितीही जपून भरली तरी तिचा चुरा होतो. त्याच भाजणीची जाडसर कडबोळी वळा, ती तग धरतात. करंजी नको: पारी फुटते आणि आतलं खोबरं सगळ्यात आधी खवटतं. पाकातले रव्याचे लाडू, ओल्या नारळाचं काहीही, खव्याचं काहीही नको. लोणचं पाठवायचा मोह प्रत्येकीला होतो. बरणी कितीही घट्ट असो, तेल वाट काढतं, आणि मग फक्त लोणचं जात नाही, अख्ख्या खोक्यातला फराळ जातो. शिवाय गळणारं पार्सल टपालात कुणालाच नको असतं. ठेच्याचंही तेच. तिखट हवंच असेल तर तीळ आणि सुकी मिरची भाजून कोरडी पूड करा.

मेतकुटाला कमी लेखू नका. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, भात रोज असतो. त्यावर दोन चमचे मेतकूट आणि थोडं तूप पडलं की जेवण घरचं होतं. पाव किलोत महिना निघतो.

प्रमाण ठरवताना एकट्याचा विचार करू नका. पार्सल उघडलं की पहिल्या दिवशीच निम्मं बराकीत वाटलं जातं, आणि तसंच व्हायला हवं. ५ किलोच्या खोक्यात साधारण दीड किलो लाडू, एकेक किलो शंकरपाळे आणि चिवडा, अर्धा किलो कडबोळी, अर्धा किलो चटणी-मेतकूट मिळून. उरलेलं वजन बरण्या आणि खोक्याचं.

लाडू आणि तळण

१ किलो जाडसर बेसन, ५०० ग्रॅम तूप, ७५० ग्रॅम पिठीसाखर. साखर घरी दळा. मंद आचेवर ४० मिनिटं तरी भाजा: पीठ आधी गोळा होतं, मग सैल पडतं, मग तूप सोडतं. खमंग वास सुटल्यावर घाईनं उतरवू नका, कच्चट राहिलेलं बेसन टिकतही नाही आणि टाळूलाही चिकटतं. साखर घालायची ती पीठ कोमट झाल्यावरच, नाहीतर लाडू बसतात.

शेवटी दुधाचा हबका मारायची पद्धत आहे, त्यानं लाडू रवाळ होतो. घरी खायचे असतील तर जरूर मारा. पार्सलच्या लाडवात दुधाचा किंवा पाण्याचा एक थेंबही जाऊ देऊ नका. रवाळपणा हवा तर बेसन जाड दळून आणा.

आकार लिंबाएवढा, मोठा नाही. थंडीत तूप गोठतं आणि मोठा लाडू दगड होतो. लहान असला तर बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीजवळ, थोडा वेळ ठेवून खाता येतो. काजू, बेदाणे लावायचे तर वरून, मळणीत नको.

तळणाला ताजं तेल घ्या. आधीच्या तळणीतलं उरलेलं तेल अर्धं खवटण्याच्या वाटेवर असतं, ते पार्सलसाठी वापरणं म्हणजे रोग पाकिटात घालून पाठवणं. शेंगदाण्याचं तेल सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या तेलापेक्षा उशिरा खवटतं. चिवड्यात खोबऱ्याचे काप घालू नका; डाळं वाढवा, शेंगदाणे कमी करा. कढीपत्ता आणि मिरची हाताला कुरकुरीत लागेपर्यंत तळा. मऊ राहिलेली एक मिरची अख्खी बरणी सादळवते. चटणीत कच्चा लसूण कुटू नका. पाकळ्या चिरून कोरड्या भाजा, नाहीतर लसणाशिवायच करा.

निववणं आणि बंद करणं: इथेच सगळं बिघडतं

पदार्थ उत्तम झाला, बरणी नवी, खोकं भक्कम, तरी महिन्यानं बुरशी का? कारण बरणीत वाफ कोंडली. वरून गार लागणारा लाडू आतून बराच वेळ कोमट असतो. झाकण लागलं की ती ऊब ओल होऊन बाहेर येते, झाकणाच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि वरच्या थरावर टपकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आठवड्यानं पांढरे ठिपके येतात.

"मग सगळंच रात्रभर उघडं ठेवा," असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे, आणि त्या अर्ध्या सल्ल्यानं चिवड्याची वाट लागते. मीही यात अडकले आहे, म्हणून ठासून सांगते: लाडू आणि तळण एका नियमानं निववायचं नसतं.

लाडू परातीत एका थरात, एकमेकांना न चिकटवता मांडा, वर पातळ सुती कापड टाका आणि अख्खी रात्र तसेच राहू द्या. तूप हवेतली ओल फारशी घेत नाही, त्यामुळे उघडं राहून लाडवाचं काही बिघडत नाही. सकाळी मधला एक लाडू फोडून आतला भाग ओठाला लावून बघा. बोटांना गरमपणा कळत नाही, ओठांना कळतो. जराही कोमट वाटला तर दुपारपर्यंत थांबा.

तळण आणि चिवडा याच्या बरोबर उलट. ते कोरडे असतात आणि हवेतली ओल शोषतात. पावसाळी हवेत एका रात्रीत शंकरपाळ्याचा कुरकुरीतपणा जातो. म्हणून तळण पसरून ठेवायचं, पंख्याखाली नाही, आणि दोन-तीन तासांत, गार झाल्याबरोबर बंद करायचं. तळण सकाळी करा म्हणजे दुपारी भरता येतं. रात्री तळून "सकाळी भरू" म्हणणं ही चूक. हवा फारच दमट असेल तर भरण्याआधी चिवडा कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून पुन्हा निववा.

भरताना खाली आणि वर वर्तमानपत्र घालू नका, शाई पदार्थाला लागते. साधा बटर पेपर चालतो.

एक परीक्षा कधीच टाळू नका. बरण्या भरल्या, झाकणं लावली की खोक्यात न घालता एक दिवस ओट्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून आतल्या बाजूनं बोट फिरवा. बोट ओलं लागलं तर सगळं बाहेर काढून पुन्हा निववा. एक दिवस उशीर परवडतो.

हवेचा दाब

पार्सल उंचावर जाणार असेल तर पिशवीत हवा ठेवू नका. ३५०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहच्या उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. इथे बंद केलेली हवा तिथे दीडपट जागा मागते. पिशवी फुगते, शिवण उसवते आणि आतला चिवडा खोकंभर होतो. दुकानातली फुगीर वेफर्सची पाकिटं याच कारणानं पाठवू नयेत.

जाड पॉलिथिनच्या पिशव्या घ्या, दोन तृतीयांशच भरा, हातानं दाबून हवा काढा, मग तोंड चिकटवा आणि दुसऱ्या पिशवीत घाला. चटणी आणि मेतकुटाला हवा पूर्ण काढलेलं पॅकिंग उत्तम. चिवड्याचा मात्र त्यात चुरा होतो. लाडवांना फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिक बरणी घ्या, लाडू बरोबर मावेल एवढ्या रुंदीची. वर मोकळी जागा उरली तर चुरगळलेला बटर पेपर कोंबा. बरणी कानाशी हलवून बघा, आवाज आला तर ती भरलेली नाही. स्टीलचा डबा नको: जड होतो आणि दाबाचं झाकण आपटल्यावर उघडतं.

खोकं आणि पत्ता

जड बरण्या तळाला, पिशव्या वर, फटींत जुने सुती कपडे किंवा जवानाला हवे असलेले मोजे. डिओचा स्प्रे, लायटर, काडेपेटी, पॉवर बँक यातलं काही घालू नका. तपासणीत पार्सल अडकतं.

पत्त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मग केअर ऑफ ५६ किंवा ९९ ए.पी.ओ., आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. गावाचं, जिल्ह्याचं, राज्याचं नाव लिहायचं नाही. "लवकर पोचावं म्हणून" कुणी लेह किंवा कुपवाडा असं लिहितात. ठिकाण कळू नये यासाठीच तर ए.पी.ओ. असतो, आणि अशा पत्त्यानं पार्सल भरकटण्याचीही शक्यता वाढते. पिन युनिटचा असतो. युनिट हलली की तो बदलू शकतो, तेव्हा मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवू नका. खासगी कुरिअर या पत्त्यावर जात नाही, पोस्टातच जावं लागतं.

पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत, न पुसणाऱ्या शाईनं, वर पारदर्शक चिकटपट्टी. तोच पत्ता आणि आपला परतीचा पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी खोक्याच्या आत ठेवा, कारण वरचं लेबल फाटतं. त्याच चिठ्ठीवर खाण्याचा क्रम लिहा: आधी चिवडा, मग शंकरपाळे आणि कडबोळी, नंतर लाडू, चटणी, आणि मेतकूट अगदी शेवटी.