कृष्णधवल छपाईसाठी पिगमेंट शाई फिकी कशी करावी

एकाच काळ्या शाईने छापलेल्या छायाचित्रात सावल्या ठसठशीत उतरतात, पण ढगांवर किंवा गालांवर मिरी भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके दिसू लागतात. फिकट करडा रंग दाखवायचा तर काळे ठिपके विरळ टाकण्यावाचून प्रिंटरला दुसरा उपाय नसतो. म्हणून त्याच काळ्या शाईच्या दोन-तीन फिक्या छटा तयार करून त्या रंगीत शायांच्या जागी भरतात. उजळ भागात मग फिकी शाई दाट पडते आणि दाणा जवळजवळ नाहीसा होतो.

शाई फिकी करायची असते, पातळ नव्हे. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म घन कण द्रवात तरंगत ठेवलेले असतात. नुसते पाणी घातले, तर रंगाबरोबर ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीन आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य यांचेही प्रमाण घटते. परिणामी शाई नोझलच्या तोंडाशी लवकर सुकते आणि थेंब नीट सुटत नाहीत. नळाचे पाणी तर वर्ज्यच समजावे, कारण त्यातील क्षारांमुळे कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारे विद्युत प्रतिकर्षण दुबळे होते आणि कणांच्या गुठळ्या होतात.

त्यामुळे आधी रंगविरहित द्रव, म्हणजे बेस, हाताशी हवा. शाईच्या उत्पादकाचाच तयार बेस मिळत असेल तर तोच घ्यावा. घरी बेस करण्यात बचत होते, पण निस्तरावे लागते तेही आपल्यालाच. करायचाच झाल्यास ९० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात १० मिलि शुद्ध ग्लिसरीन आणि फिल्म धुण्यासाठी वापरतात ते ओलावक द्रव्य अर्धा मिलि, येथून सुरुवात करावी आणि पुढे चाचणी पाहून प्रमाण बदलावे.

आता मिश्रण. हातमोजे घालावेत आणि मूळ शाईची बाटली काही मिनिटे हलकेच उलटसुलट करून तळाशी बसलेले कण उठवावेत; जोरात हलवल्यास फेस होतो आणि हवेचे बुडबुडे पुढे नोझलमध्ये अडकतात. स्वच्छ बाटलीत ७० मिलि बेस घेऊन त्यात सिरिंजने ३० मिलि काळी शाई सावकाश सोडावी. ही झाली ३० टक्क्यांची शाई. तिच्यातील ३० मिलि आणखी ७० मिलि बेसमध्ये मिसळली की ९ टक्क्यांची शाई मिळते. अशा पायरीपायरीच्या पद्धतीत फार लहान मापे घ्यावी लागत नाहीत, मात्र पहिल्या मापातली चूक पुढच्या बाटलीतही उतरते. म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून आकडे बाटलीवरच लिहून ठेवावेत.

मिश्रण एक दिवस तसेच ठेवून मग गाळणकागदावर त्याचा एक थेंब टाकावा आणि शेजारी मूळ शाईचा. फिका थेंब सारखा पसरला तर ठीक. मध्ये गडद खडबडीत ठिपका आणि भोवती जवळजवळ निव्वळ पाण्याचे कडे दिसले, तर कण गोळा झाले आहेत असे समजून ती शाई टाकून द्यावी. दोन वेगवेगळ्या उत्पादकांच्या शाया एकत्र केल्यावर असे होण्याचा संभव अधिक असतो.

शाई भरण्यासाठी पुन्हा भरता येणारी कार्ट्रिजे लागतात. प्रिंटरच्या मूळ ड्रायव्हरला मात्र ही अदलाबदल ठाऊक नसते. तो निळसर शाई समजून करडी शाई फवारील. त्यासाठी रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोनरिपसारखी छपाईची संगणकप्रणाली वापरावी, जिच्यात कोणत्या जागेत किती गडद शाई आहे हे सांगता येते. ३० टक्क्यांच्या शाईची घनता काळ्याच्या नेमकी ३० टक्के भरत नाही, त्यामुळे २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापून, दिवसभर सुकू देऊन, ती मोजल्यावरच वक्र, म्हणजे कोणत्या करड्या छटेला कोणती शाई किती पडावी याचा आलेख, ठरवावा. कार्बनच्या कणांची काळी शाई फिकी होताना तपकिरी झाक दाखवते. ती नको असल्यास त्याच मालिकेतील फिकट निळ्या आणि किरमिजी पिगमेंट शाया वेगळ्या जागेत भरून त्यांचा अल्प वापर करता येतो.

पट्टीवर तारीख आणि कागदाचे नाव घालून ती जपून ठेवावी. पुढच्या खेपेची शाई भरली की तीच पट्टी त्याच कागदावर पुन्हा छापून दोन्ही शेजारी धरल्या, तर मापातला फरक मधल्या करड्या पायऱ्यांतच आधी डोळ्यांत भरतो.