खळ दिलेल्या कागदावर इंकजेट छपाई: या चुका टाळा

लगीनसराई जवळ आली की सांगलीत हातकागदावरच्या पत्रिकांची हौस वाढते आणि पाठोपाठ माझ्याकडे बिघडलेले कागद यायला लागतात. अक्षरांना मिशा फुटलेल्या, लाल आणि काळा एकमेकांत घुसलेले, मागच्या बाजूला सगळा मजकूर उलटा उमटलेला. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "प्रिंटर बरोबर नाही." प्रिंटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड गॅसवरच्या पातेल्यात झालेला असतो.

इंकजेटची शाई म्हणजे बहुतांशी पाणी. एक थेंब जेमतेम काही पिकोलिटरचा, पण खळ नसलेल्या कागदावर पडला की तंतूंच्या कडेकडेने धावत सुटतो. स्टार्चची खळ तंतूंमधल्या फटी भरते. मग थेंब पडेल तिथे वरच्यावर थांबतो, रेघ धारदार येते, रंग गडद दिसतो. यात नवीन काही नाही. बोरूने मोडी लिहायचा घोटीव कागदसुद्धा खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटूनच तयार करायचे. पेपर मिलमध्ये साइझ प्रेसवर तेच होतं, फक्त यंत्राने आणि मोजूनमापून. आपल्याकडे यंत्र नाही हे समजू शकतो. मोजत का नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

घट्ट झाली म्हणजे शिजली

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. मक्याचा स्टार्च साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगायला लागतो. पातेल्यातलं पांढरं पाणी बघता बघता दाटतं, चमचा जड होतो आणि नवशिका खूश होऊन गॅस बंद करतो. त्या वेळी दाणे पाणी पिऊन फुगलेले असतात, पण फुटलेले नसतात. काही तर अजून कच्चेच असतात. तीच खळ 90-95 अंशांवर नेऊन पंधरा-वीस मिनिटं ढवळत ठेवली की दाणे फुटतात, दुधी रंग जातो आणि खळ पुन्हा सैल होते. ही सैल होण्याची पायरी आली की लोक घाबरतात आणि वरून कोरडा स्टार्च भुरभुरतात. म्हणजे जे काम होत आलं होतं त्यावर पाणी फिरवतात.

तासगावकडचा एक पोरगा असाच आला होता. हुशार, हाताला वळण असलेला. पत्रिकेवरचा गणपती स्वतः काढलेला. चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिका स्वतःच्या खळीच्या कागदावर छापायला घेतल्या होत्या. पहिली काही पानं झकास निघाली, मग छपाईत आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या. याने हेड क्लीनिंग, म्हणजे शाई फवारणाऱ्या हेडची सफाई केली. रेघा गेल्या, चार पानांनी परत आल्या. पुन्हा क्लीनिंग. असं करता करता टाकीतली निम्मी शाई वाया गेली, सफाईतली शाई शोषणारं वेस्ट पॅड भरल्याचा इशारा आला आणि मशीन बंद पडलं. लग्न तोंडावर.

मी प्रिंटरकडे बघितलंही नाही. खिशातला काळा रुमाल त्याच्या कोऱ्या कागदावर अंगठ्याने घासला. रुमालावर पांढरी भुकटी.

"काका, खळ तर मस्त घट्ट झालती. चमच्याला चिकटत हुती."

"शिजली होती का?"

"घट्ट झाली म्हंजी शिजलीच की ओ."

मक्याच्या स्टार्चचा कच्चा दाणा साधारण 15 मायक्रॉनचा असतो आणि प्रिंट हेडचं छिद्र 20 मायक्रॉनच्या आसपास. हा दाणा कागदाला चिकटत नाही, नुसता वर बसून राहतो. रोलरने कागद ओढला की सुटतो, रोलरला लागतो, हेडखाली पार्किंगच्या जागी जो रबरी कप असतो त्यावर बसतो, शाईच्या ओलीत फुगतो आणि छिद्राच्या तोंडाशी चिकटतो. मग कितीही क्लीनिंग करा. त्या पोराचा उरलेला सगळा कागद मी बाजूला काढला, नवी खळ त्याच्यासमोर शिजवली आणि दाट झालेली खळ सैल होताना त्याला उभं राहून बघायला लावलं. पत्रिका शेवटी दुसऱ्याच्या मशीनवर निघाल्या. त्याच्या मशीनचं हेड काही वाचलं नाही.

माझी पद्धत अशी. एक लिटर पाण्याला 30 ते 40 ग्रॅम मक्याचा स्टार्च, त्याहून जास्त नाही. थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्यायचा, मग बाकीच्या गरम पाण्यात धार धरून ओतायचा. पातेलं थेट आचेवर ठेवत नाही, उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवतो, म्हणजे तळाला लागत नाही. आटलेलं पाणी भरून काढतो. शेवटी मलमलीतून गाळून कोमट असतानाच लावतो. काळा रुमाल कायम खिशात. खळ वाळली की एक कागद घासून बघायचा. भुकटी निघाली तर ती थप्पी प्रिंटरच्या जवळपासही फिरकू द्यायची नाही.

ज्यांना वर्षभर हे काम करायचंय त्यांनी विट्याला किंवा माधवनगरला एखाद्या सायझिंगवाल्याशी ओळख करावी. सुताला खळ पाजायला ते थिन बॉइलिंग स्टार्च वापरतात. हा शिजल्यावरही पातळ राहतो, त्यामुळे लिटरला 60-70 ग्रॅम घातला तरी ब्रश सहज फिरतो. किराणा दुकानातल्या कॉर्नफ्लोअरवर शिकायला हरकत नाही. कपड्यांना द्यायची तयार खळ मात्र नको. तिच्यात सुगंधापासून काय काय घातलेलं असतं आणि त्यातलं काय शाईशी भांडेल याचा भरवसा नाही.

आणखी एक हात मारू म्हणजे चमक येईल

येत नाही. आली तरी ती तुम्हाला हवी तशी नसते.

मिलमध्ये साइझ प्रेसवर एका बाजूला साधारण एक ते दोन ग्रॅम प्रति चौरस मीटर स्टार्च चढतो. तुमच्या ए4 कागदाच्या हिशेबाने ही एका बाजूला 0.1 ग्रॅमच्या आसपासची गोष्ट झाली, म्हणजे 4 टक्के खळीचा जेमतेम अर्धा चहाचा चमचा. लोक वाटीभर ओततात. जाड थराने फटी भरण्याऐवजी वर सलग पापुद्रा तयार होतो. शाईतल्या पाण्याला खाली जायला वाट उरत नाही, शेजारशेजारचे थेंब वरच एकत्र येऊन डबकी करतात, गडद भागात ढगाळ ठिपके दिसतात. घडी घातली की पापुद्रा तडकतो आणि पत्रिकेच्या बरोबर मधोमध पांढरी रेघ येते. विश्रामबागच्या एक बाई चित्रांच्या प्रती काढतात. त्यांनी चार हात मारून असा कागद केला होता. छापून रात्री एकावर एक ठेवला. सकाळी ती थप्पी उलगडताना प्रत्येक चित्राचं आकाश वरच्या कागदाच्या पाठीला गेलं.

थर मोजायची सोपी युक्ती आहे. ए4चे 16 कागद मिळून जवळपास बरोब्बर एक चौरस मीटर होतो. खळ द्यायच्या आधी 16 कागद सराफी काट्यावर तोला, एका बाजूला खळ देऊन पूर्ण वाळल्यावर पुन्हा तोला. जेवढे ग्रॅम वाढले तेवढा थर, गुणाकार-भागाकार काही नाही. फक्त सोबत 16 कोरे कागद त्याच खोलीत ठेवून तेही दोन्ही वेळा तोला. 100 जीएसएमचे (चौरस मीटरला 100 ग्रॅम) 16 कागद 100 ग्रॅम भरतात आणि हवेतला एक टक्का ओलावा त्यात मुरला तर तोच एक ग्रॅम होतो. कोऱ्या कागदांचं वजन वाढलं असेल तर तेवढं वजा करायचं. सराफ कट्ट्यावर ओळख नसेल तर दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. हे सांगितलं की नवशिके हसतात. हसू द्या.

हात समान फिरलाय का हे बघायला टिंक्चर आयोडीन भरपूर पाण्यात पातळ करून एका वाया जाणाऱ्या कागदावर पुसा. स्टार्च आहे तिथे निळा-जांभळा होतो, सुटलेले पट्टे लगेच उघडे पडतात. बाजारातल्या बऱ्याच छपाईच्या कागदांवरही हा रंग उमटतो, करून बघा.

सगळं स्टार्चवर सोडणं

स्टार्च शाईचं पसरणं रोखतो. शाई पक्की करत नाही. हा फरक लक्षात न घेता लोक छापलेल्या कागदावर पाण्याचा थेंब टाकतात आणि रंग वाहिला की खळीला शिव्या देतात. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) आणि रंगीत शाई डायची (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) असते. डायचे रेणू ऋणभारित, त्यांना धरायला धनभार लागतो. म्हणून कॅटायनिक स्टार्च नावाचा प्रकार मिळतो. साध्या मक्याच्या स्टार्चकडे तो गुण नाही. पिगमेंटच्या शाईला कॅल्शियमचं मीठ मानवतं. खळीत लिटरमागे चार-पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवलं की काळा रंग वरच्यावर थिजतो आणि खरंच काळा दिसतो. पण हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. चमचाभर जास्त पडलं की पावसाळ्यात कागद हाताला ओलसर लागतो. आणि कॅटायनिक स्टार्चच्या खळीत कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून नीळ घालायची शक्कल कुणी सांगितली तर ऐकू नका. त्यातल्या रंगाचं नि स्टार्चचं पटलं नाही की ठिपके पडतात.

तुरटीने शाई थोडी पक्की होते, जुने लोक घालायचे. पण तुरटी आम्लधर्मी, कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. चार दिवसांच्या फलकाला चालेल, जपून ठेवायच्या प्रमाणपत्राला नाही.

बाकीच्या चुका पटापट. मोरचूद खळीत घालू नका. बाइंडरलोक कसर लागू नये म्हणून घालतात ते पुठ्ठ्याच्या आत झाकलं जातं, तुमच्या कागदावर मात्र निळसर झाक येईल. पीव्हीए (पांढरा गोंद) मिसळलेल्या खळीत बोरॅक्स टाकला तर तिचं लगद्यासारखं काहीतरी होईल, ते ब्रशने कसं लावता बघू. क्षारपड भागातल्या बोअरचं पाणी वापरू नका, आणि त्यात लोह असेल तर कागदावर तांबूस डाग पडतात. कालची खळ आज वापरू नका. गार झाली की ती आकसून दह्यासारखी होते, परत गरम केली तरी पूर्वीसारखी होत नाही, शिवाय आंबते. एकाच बाजूला खळ दिलेला कागद पापडासारखा वळतो, म्हणून मागून निदान साध्या पाण्याचा हात फिरवा. खळ दिलेल्या कागदावर छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ग्लॉसी फोटो निवडू नका. ते सेटिंग शाई ओततं आणि तुमच्या कागदाला एवढी पिता येत नाही. मॅट किंवा प्लेन निवडा.

आणि एप्रिलच्या उन्हात दोरीवर वाळत घालणं. वेळ वाचतो म्हणे. सांगलीचं ऊन कागदाची वरची बाजू आधी आकसवतं, खालची ओलीच राहते आणि असा नालीदार झालेला कागद हेडला घासतो. सावलीत, पंख्याखाली, किंचित दमट असतानाच मलमलीखालून कोमट इस्त्री, मग रात्रभर वजनाखाली. ज्याला एवढा धीर नाही त्याने कलरलॉकचा शिक्का असलेला कागद विकत आणावा. कॅल्शियमचं काम त्यावर आधीच झालेलं असतं आणि काळा रंग आपल्या खळीपेक्षा चांगला येतो, हे मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगतो. जून ते सप्टेंबर तर मी खळीचं काम घेतच नाही. कृष्णेकाठच्या दमट हवेत कागद धड वाळत नाही, तिसऱ्या दिवशी थप्पीला कुबट वास येतो आणि आठवड्यात काळे ठिपके. श्रावणातल्या साखरपुड्याच्या पत्रिका हव्या असतील तर कागद मे महिन्यातच करून, प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावा लागतो.