दोघांनीच महासागर ओलांडताय? या चुका टाळा

शिडाच्या बोटीनं अटलांटिक ओलांडायला निघालेली जोडपी मला हमखास वादळाबद्दल विचारतात. मी उलट विचारते, सुकाणू आपोआप सांभाळणारा ऑटोपायलट बंद पडला तर काय करणार? बहुतेकांकडे उत्तर नसतं.

कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत साधारण 2,700 सागरी मैल. मध्यम आकाराच्या शिडाच्या बोटीला तीन आठवडे सहज लागतात. एवढे दिवस एक झोपलेला आणि एक पहाऱ्यावर, त्यामुळे सुकाणू ऑटोपायलटच्याच भरवशावर असतं. आणि लोक हाल करतात ते त्याचेच. वारा मागून असताना मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, पूर्ण ताणून ठेवलं की बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू बघते. ऑटोपायलटची मोटर तिला प्रत्येक लाटेला ओढून सरळ करते, दिवसरात्र, वीज खात, तापत.

माझ्या ओळखीच्या एका जोडप्याची मोटर निम्म्या वाटेत जळाली. जादा मोटर नव्हती. विजेशिवाय, वाऱ्या-पाण्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारा विंडवेन महाग म्हणून टाळला होता. त्या पैशांत मोठा स्क्रीन घेतला होता. मग दोन-दोन तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. हातात सुकाणू असलं की जेवण रांधता येत नाही, दुरुस्ती होत नाही, आणि दोन तासांच्या तुकड्यांत झोप पुरत नाही. तिसऱ्या रात्री नवऱ्याला उभ्या उभ्या डुलकी लागली, बोट वळली, शिडाच्या उलट बाजूनं वारा शिरला आणि बूम, म्हणजे मेनसेलच्या तळाची आडवी काठी, दाणकन दुसरीकडे आली. बूम जागेवर धरणारा दोर बांधलेलाच नव्हता. दोघं वाचली, मेनसेल मात्र शिवणीवर उभं फाटलं. उरलेली वाट पुढच्या एका शिडावर काढावी लागली. वारा त्या रात्री मध्यमच होता.

माझी सवय अशी, की संध्याकाळ कितीही शांत असो, उजेड असतानाच मेनसेल रीफ करून लहान करायचं आणि बोट पुढच्या शिडानं ओढू द्यायची. मग सुकाणू स्वतः धरून बघायचं. दोन बोटांनी सांभाळता येत नसेल, तर यंत्रालाही ते जड जाणार. यात अर्धा-एक नॉट (ताशी सागरी मैल) वेग जातो आणि घाईच्या लोकांना तो सोसवत नाही. पण रात्री दोन वाजता शीड फडफडू लागलं, की झोपलेल्यालाही उठवावं लागतं आणि दोघांचीही रात्र जाते.

दुसरी चूक घासणाऱ्या दोरांची. किनाऱ्याजवळच्या सहलींत हे कळतच नाही. शीड वर धरून ठेवणारा हॅलयार्ड डोलकाठीच्या टोकाला एकाच जागी पुलीवर दिवसेंदिवस घासतो. रोज तो वीतभर सैल करा किंवा ओढा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. सकाळी डेकवर फेरी मारताना नुसतं बघू नका, दोरांवरून हात फिरवा. एखादी पिन किंवा स्क्रू पडलेला दिसला, तर तो कुठून निसटला हे सापडेपर्यंत दुसरं काम नको.

डिझेलच्या टाकीतला गाळ खवळलेल्या समुद्रात घुसळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंदराच्या तोंडाशी बंद पडतं. फिल्टर बदलणं आणि पाइपातली हवा काढणं धक्क्यावर असतानाच शिका, दोघांनीही.

पिण्याचं पाणी एकाच टाकीत ठेवू नका. खारं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी वेगळे कॅन भरून घ्या.

पाहुण्यांना पोहोचण्याची तारीख देऊ नका. अटलांटिकमधला हरिकेनचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर धरतात. कुणाचं तरी विमानाचं तिकीट काढलंय म्हणून तो संपण्याआधीच निघणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा राग येतो.

आणि जोडीदार झोपलेला असताना हार्नेस, म्हणजे बोटीला बांधून ठेवणारा पट्टा, न अडकवता कॉकपिटबाहेर, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर, पाय टाकायचा नाही. पाण्यात पडलात, तर ते त्याला पाळी बदलताना कळेल.

निघण्याआधी तीन-चार रात्रींची एक फेरी करा. त्यातला एक पूर्ण दिवस आणि रात्र ऑटोपायलट बंद ठेवा, आणि दोघांनी आळीपाळीनं, दुसऱ्याची मदत न घेता, अंधारात शीड लहान करून बघा. ज्याला जमलं नाही, त्याला जमेपर्यंत बोट किनाऱ्याजवळच ठेवा.