फ्रान्समधल्या ल्योंमध्ये राहायला जाताय? पत्ता आणि कार्यालयांच्या या चुका टाळा

पहिली गफलत 'रोन' या नावातच होते. रोन ही नदी आहे, रोन हे देपार्तमाँ आहे (साधारण आपल्या जिल्ह्यासारखं), आणि ओव्हेर्न-रोन-आल्प हा त्याहून मोठा प्रदेश आहे. त्यात मार्सेय ज्या देपार्तमाँत येतं त्याचं नाव बूश-द्यु-रोन, म्हणजे 'रोनची मुखं'. ते सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेला आहे. फॉर्मवर यादीतून निवडताना नावापेक्षा आकडा बघा: रोन ६९, बूश-द्यु-रोन १३.

खरी महागात पडणारी चूक वेगळीच आहे. १ जानेवारी २०१५ रोजी ल्यों आणि भोवतालची गावं मिळून 'मेत्रोपोल' झाली आणि हा भाग रोनच्या जिल्हा परिषदेच्या हातून गेला. पोस्टल कोड मात्र दोन्हीकडे ६९नेच सुरू होतो. गरोदर बायका आणि लहान मुलांना तपासणारी पीएमआय केंद्रं, कोलेज म्हणजे साधारण ११ ते १५ वर्षांच्या मुलांच्या शाळा, गरजूंना मिळणारी मदत, ही कामं ल्यों किंवा शेजारच्या व्हिलरबानमध्ये राहणाऱ्यांसाठी मेत्रोपोल करते आणि मेत्रोपोलबाहेरच्या व्हिलफ्रांशकडच्यांसाठी जिल्हा परिषद. गोंधळ वाढतो तो यामुळे, की जिल्हा परिषदेचं मुख्य कार्यालय अजूनही ल्यों शहरातच आहे! आमच्या ओळखीची व्हिलरबानमधली एक ताई सातव्या महिन्यात अर्धी सकाळ अशाच एका चुकीच्या कार्यालयात बसून राहिली. नंबर लागल्यावर तिला कळलं, की तिचं केंद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. म्हणून निघण्याआधी आपली कम्यून (म्हणजे आपलं गाव किंवा शहर) मेत्रोपोलमध्ये आहे का, एवढं नक्की बघा.

प्रीफेक्चर या दोघांपेक्षाही निराळं. प्रेफे हा सरकारने नेमलेला अधिकारी, आपल्या कलेक्टरसारखा; तो मेत्रोपोल आणि रोन दोन्हींसाठी एकच आहे. परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्याचं काम त्याच्या अखत्यारीत येतं, जिल्हा परिषदेच्या नाही. विद्यार्थ्यांनी दीर्घ मुदतीचा व्हिसा फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवायचा असतो. कॉलेज आणि घर शोधण्याच्या धावपळीत ही तारीख निसटू देऊ नका.

आता पत्ता. ल्योंचे नऊ विभाग आहेत आणि त्यांचे कोड ६९००१ ते ६९००९. पार-दियू स्टेशन तिसऱ्या विभागात, म्हणून ६९००३. पण इन्सा ल्यों या इंजिनिअरिंग कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणून पत्त्यात 'ल्यों' लिहू नका. तो कॅम्पस व्हिलरबानमध्ये आहे आणि व्हिलरबान ही स्वतंत्र कम्यून आहे, कोड ६९१००. काही फॉर्म 'इन्से' कोड, म्हणजे सरकारी सांख्यिकी संस्थेने प्रत्येक कम्यूनला दिलेला आकडा, मागतात. तो पोस्टाचा कोड नव्हे: व्हिलरबानचा इन्से कोड ६९२६६.

आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकात सहाव्या-सातव्या जागी ९९ दिसलं, तर दुरुस्तीचा अर्ज करायला धावू नका. तिथे जन्माच्या देपार्तमाँचा आकडा येतो, आणि परदेशात जन्मलेल्यांसाठी तो ९९ असतो, मग तुम्ही राहत असाल ६९मध्ये तरीही.