बोन्सायची पाने काढल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

गच्चीवर वड, उंबर किंवा त्यांच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या फायकसचे बोन्साय वाढवणाऱ्याला पाने का काढतात हे सांगायला नको; नवी पाने लहान येतात आणि फांद्या दाट फुटतात, एवढे त्याने ऐकलेले असतेच. केव्हा काढावीत, हे मात्र ऐकीव माहितीवर सोडू नये. पुण्याच्या हवेत मला दोनच वेळा योग्य वाटतात: रात्रीचा गारवा ओसरल्यावर, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, किंवा पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलैत. मे महिन्यात उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाआधी पाने लहान दिसावीत म्हणून डिसेंबरच्या थंडीत कात्री चालवणे, हा तर झाडावर उघड अन्याय आहे.

मी फसलो तो पाण्यात. जूनअखेरीस वडाची सगळी पाने काढली आणि उन्हाळ्याच्या सवयीने सकाळ-संध्याकाळ झारी चालूच ठेवली. वरून पाऊस होताच. मुळांकडून पाणी ओढून घेतात ती पाने, आणि तीच नसल्यावर ट्रेमधली, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीतली, माती चार-चार दिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात, हे मला सोळाव्या दिवशी मातीला आंबूस वास आला तेव्हा उमगले. कापलेले देठ पिवळे पडून बोट लागताच गळाले, तर फांदी जिवंत आहे असे समजावे. माझे देठ तपकिरी होऊन फांदीला तसेच चिकटून वाळले होते. म्हणून पाने काढण्याआधी आणि नंतर रोज ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, तो हलका लागल्याशिवाय पाणी घालू नये, आणि संततधार असेल तर झाड उजेडाच्या पण पत्र्याखालच्या जागी हलवावे. घाबरण्याचे कारण नाही. निरोगी फायकस साधारण तीन आठवड्यांत पुन्हा हिरवा होतो.

ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांनी ट्रे उचलायला कधी सांगितले नाही, पण पाच मिनिटांत पाने ओरबाडून मात्र दाखवली. असे मुळीच करू नये, कारण ओरबाडताना देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे नव्या फुटव्याची कळीच, निघून येतो. धारदार कात्रीने देठ अर्ध्यावर कापावा आणि कात्रीची चिकाने माखलेली पाती मधूनमधून पुसावी. खालच्या अशक्त फांद्यांची पाने राहू द्यावीत. नुकतीच कुंडी बदललेल्या, किडलेल्या किंवा मरगळलेल्या झाडाला हात लावू नये. खत महिनाभर आधी घालावे, नंतर नवी पाने पुरती उघडेपर्यंत थांबावे.

माझ्या वडाची उजवीकडची एकच फांदी वाचली. पुढच्या मार्चमध्ये कात्री हातात घेऊन मी त्याच्यासमोर बराच वेळ बसलो, आणि फक्त शेंडा खुडून उठलो.