माडाचा भुंगा: वासाच्या या चुका टाळा

माडाचं कोवळं चुडत (झावळी) उलगडलं आणि त्यावर कात्रीने छाटल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, की लोक दुकानातून मिळेल ती पावडर आणून शेंड्यात ओततात. हे काप चुडत शेंड्यात मिटलेलं असतानाच पडलेले असतात. गेंडाभुंगा खाऊन केव्हाच निघून गेलेला असतो. गेंडाभुंगा काय, सोंड्या (खोड पोखरणारा लाल भुंगा) काय, दोघेही वासावर चालतात; आपल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

सगळ्यात महाग पडते ती कामगंध सापळ्याची, म्हणजे वासाची गोळी लावून भुंगे धरणाऱ्या बादलीची, चूक. फोंड्याकडे एका काकांनी बादलीचा सापळा नव्या कवाथ्यांच्या (माडाच्या कोवळ्या रोपांच्या) अगदी मधोमध टांगला होता. बादलीत भुंगे भरपूर. "बघ, किती धरले!" काका खूश. कवाथ्यांकडे पाहिलं तर प्रत्येकाच्या सुईच्या (न उलगडलेल्या पानाच्या) बुडाशी भोक आणि चघळलेला भुसा. त्या गोळीचा गंध नर गेंडाभुंग्याचा असतो. त्यावर नर-मादी दोन्ही लांबून येतात, पण आलेला प्रत्येक भुंगा बादलीत पडत नाही. जवळचा कोवळा माड त्याला आयता सापडतो. सापळा आम्ही कवाथ्यांपासून दूर, बांधाच्या पलीकडे नेला. मग गोठ्यामागची शेणकी, म्हणजे शेणखताचा खड्डा, उपसली. आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या गोल वळून पडल्या होत्या. कोंबड्यांची चंगळ झाली. भुंगे तयार होत होते ते तिथेच, आणि काका मात्र दर आठवड्याला शेंड्यावर फवारणी करत होते. खताचा खड्डा न उपसता माडावर औषध मारणं म्हणजे पैसा वाया घालवणं, हे माझं ठाम मत आहे.

खड्ड्यात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी जरूर घाला, पण खत ओलं असताना. मे महिन्यातल्या कोरड्या खतावर ती भुरभुरून काही साधत नाही.

कवाथ्यांना मी वर्षातून दोन-तीनदा पानांच्या वरच्या तीन बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग भरतो. भोकात भुंगा असेल तर तारेच्या आकड्याने ओढून काढतो. वेळ लागतो, लागू दे. मीठ, डिझेल, रॉकेल शेंड्यात ओतू नका.

सोंड्याचं वेगळं. त्याला जखमेचा वास लागतो. चढायला खोडाला खाचा पाडणं, हिरवं चुडत खोडालगत कापणं, गेंडाभुंग्याचं भोक उघडं सोडणं, ही त्याला दिलेली आमंत्रणं आहेत. पाच ते वीस वर्षांच्या माडांना त्याचा धोका जास्त. कापायचंच झालं तर चार फूट देठ ठेवायला पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) आधीच सांगा. जखमेवर लगेच डांबर लावा. खोडातून तपकिरी रस गळत असेल तर कान लावून ऐका, आतलं कुरतडणं ऐकू येतं. शेंडा कलेपर्यंत थांबलात तर माड गेलाच.

मेलेला माड कुळागरात (बागेत) कुजत ठेवू नका. तोडा, चिरा, जाळा.